सासूबाईंना नको असलेलं नाव

माझ्या मुलाचं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेलच. एवढंच सांगते की ते राजघराण्यातलं आहे, हाक मारायला सोपं आहे आणि बाळानं पोटात पहिल्यांदा लाथ मारली त्याच दिवशी मी ते पक्कं करून टाकलं होतं. मुलगी झाली असती तर एका राणीचं नावही तयार होतं. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

बाळंतपणाला मी माहेरी, सिल्लोडला होते. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच सासूबाईंना फोन करून नाव सांगितलं.  

त्या म्हणाल्या, "दुसरं बघा."

"का हो आई?"

"बघा म्हणलं ना दुसरं. राजांचं काय येकच नाव हाये व्हय?"

मी बाळंतीण होते, टाके ओले होते, नाहीतर तिथंच वाजलं असतं. पुढच्या महिनाभरात मी तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा हेच उत्तर. कारण विचारलं की मिठाची गुळणी. व्हिडिओ कॉलवर मात्र नातवाला बघून त्यांचा जीव नुसता सुपाएवढा व्हायचा. त्याला सोन्या म्हणायच्या, छकुल्या म्हणायच्या, ठकड्या म्हणायच्या. मी ठरवलेलं नाव तेवढं चुकूनही नाही.

माझं डोकं मग भलतीकडं धावायला लागलं. नाव सुनेनं ठरवलं म्हणून नको असेल. किंवा त्यांच्या मनात भावाच्या नातवाचं नाव असेल. मी आईजवळ चरफडायचे आणि आई म्हणायची, "बाळंतिणीनं एवढा राग करू नये, दूध आटतं." सासऱ्यांचं काय म्हणणं, असं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता "नाव चांगलंय, ठेवा" एवढंच सांगितलं. मला तेवढं पुरे होतं.

नवरा शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथं मशिनला तो जेवढ्या धीरानं वागवतो त्याच्या निम्म्या धीरानंही घरचं काम करत नाही. सव्वा महिना होऊन मी सिडकोतल्या घरी येते तोवर यानं फ्लेक्स छापून आणला होता. भगवी पार्श्वभूमी, तलवार, आमचं बाळ आणि खाली हातभर मोठ्या अक्षरांत ते नाव. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगीच नाही.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पाळणा भाड्यानं आणलेला, सिंहासनासारखा, दोन बाजूंना दोन सिंह. त्यातल्या एका सिंहाला कान नव्हता. माझ्या आईनं सुती कापडाचा छोटा जिरेटोप शिवला होता. महाराजांनी तो डोक्यावर येताच भोकाड पसरलं आणि त्यावर दूध ओकलं. हॉलभर बायका हसत होत्या. सासूबाई तेवढ्या दिसत नव्हत्या.

त्या हॉलच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात घुगऱ्या हलवत उभ्या होत्या. घुगऱ्या केव्हाच शिजल्या होत्या. माझा पारा चढलाच.

"आई, आज तरी सांगा," मी म्हणाले. "नाव आवडत नाही की मीच आवडत नाही?"

त्यांनी मागं वळून बघितलं तर डोळे भरलेले. मी भांडायला आले होते, पण आधी गॅस बंद केला.

"तू लई गोड हायेस," त्या म्हणाल्या. "नाव बी चांगलं हाये. पर मला नातवाला त्या नावानं हाक मारता यायची नाय, पोरी. येकुलता येक नातू, अन् त्याची आज्जी मुकी राहणार."

"पण का?"

"ह्यांनी शपथ घातलीया. सांगता येत नाय."

सासऱ्यांनी? शपथ? मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला. देवगाव रंगारीहून सासऱ्यांची धाकटी बहीण आली होती. वय साठीच्या पुढं, आवाज अजून शेतातून शेतात जाईल असा. दारातल्या फ्लेक्ससमोर उभं राहून त्यांनी एकेक अक्षर लावत नाव वाचलं, आणि तोंडावर पदर घेऊन तिथंच हसत सुटल्या.

"भाऊ," त्या आत येत ओरडल्या, "पोरांनी तुझंच बारसं घातलंया व्हय रं परत?"

सगळ्या हॉलनं वळून बघितलं. माझ्या नवऱ्याला काही कळेना, नणंदेला कळेना, मला तर नाहीच नाही. आत्याबाईंनीच मग सांगितलं. माझ्या सासऱ्यांचं पाळण्यातलं नाव हेच होतं. शाळेत घातलं तेव्हा वर्गात त्या नावाची दोन पोरं आधीच होती, म्हणून मास्तरांनी हजेरीत दुसरं लावलं आणि जन्मभर कागदोपत्री तेच राहिलं. नवऱ्याच्या नावापुढं आम्ही लिहितो ते हे मास्तरांनी दिलेलं नाव. पाळण्यातलं नाव त्यांची आई तेवढी घ्यायची. ती गेली तेव्हा माझा नवरा रांगत होता. त्यानंतर ते घरात कोणी उच्चारलंच नाही. बहीण धाकटी, ती भाऊ म्हणायची. आणि बायको? बायकोनं ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, ते शेवटचं. आमच्याकडं सासूबाईंच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत.

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुडघ्यावर हात, चोरी करताना सापडलेल्या शाळकरी मुलासारखे.

"बाबा, तुम्ही सांगायचं नाही का?" नवरा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही बदललं असतं," ते म्हणाले. "फोन स्पीकरवर होता. सुनेनं नाव सांगितलं, अन् मला वाटलं माझी आईच बोलली."

 सव्वा महिना मी या माणसांबद्दल काय काय मनात आणलं होतं! एकाला ते नाव ऐकायचं होतं, एकीला ते घेता येत नव्हतं, आणि दोघंही तोंड बंद करून बसले होते. मी त्यात माझाच अपमान शोधत होते.

माझ्यामागं बाहेर आलेल्या सासूबाईंना मी म्हणाले, "आई, बदलू आपण नाव. फ्लेक्स गेला खड्ड्यात. आज्जीला हाक मारता येत नसेल तर ते नाव काय कामाचं?" हे बोलणं मला सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू. त्या पहिल्या लाथेपासून मी त्याच नावानं त्याच्याशी बोलत आले होते.

सासूबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खुर्चीकडं. त्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरा बघून त्यांना काय वाटलं ते त्याच जाणोत.

"नाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तेच. मी सोन्या म्हणीन."

"आणि मी म्हणतो तू नावानंच हाक मार," सासरे खुर्चीतून म्हणाले. "मीच सांगतोय तर कोण काय म्हणतंय?"

सासूबाई पदरानं डोळे पुसून घुगऱ्यांकडं गेल्या.

मग बारसं रीतसर झालं. आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, मग बाळ. नणंदेनं त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत इतके धपाटे घातले की ती कळवळली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं मला झालं. मी तीन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या. आत्याबाई बघतच राहिल्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही घरी आलो. नवरा पाळणा परत द्यायला गेला, सासरे गॅलरीत जाऊन बसले. बाळ झोपलं होतं म्हणून मी न्हाणीघरात गेले. तोंडावर पाणी मारते तर बाहेर बाळ रडायला लागलं. सासूबाईंच्या पावलांचा आवाज आला. सोन्या झालं, छकुल्या झालं, रडणं काही थांबेना.  आणि मग, घरात कोणी ऐकत नाही असं समजून, अगदी हळू, त्यांनी ते नाव घेतलं.

"ओ," गॅलरीतून उत्तर आलं. "आलो, आलो."

मी दाराशी ओल्या तोंडानं उभी राहिले. सासरे लगबगीनं आत आले होते, एका पायात चप्पल, हातात चष्मा. बाळाला मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या, चेहरा लालबुंद.

"तुमास्नी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"बरं," सासरे म्हणाले. पण ते परत फिरले नाहीत. हातातला चष्मा लावून म्हणाले, "पुन्हा येकदा हाक मार त्याला."

सासूबाईंनी बाळाकडं बघत पुन्हा नाव घेतलं, या खेपेला चांगलं मोठ्यानं. बाळ रडायचं थांबून त्यांच्याकडं बघायला लागलं. सासरे पलंगाच्या कडेला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला मात्र ते नाव आता घेता येत नाही. सासऱ्यांचं आहे ना. मी त्याला राजे म्हणते.