मामांची खुर्ची आणि आत्यांची टाइल

आमच्या शिनोलीच्या घरात चकचकीत टाइल आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. त्यांना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. नातवंडांच्या गालावरून फिरला नसेल एवढा आत्यांचा हात त्या टाइलवरून फिरला. चमक यावी म्हणून पुसायच्या पाण्यात पूर्वी झाकणभर रॉकेल असायचं. ते मिळेनासं झाल्यावर शेतातल्या इंजिनाचं डिझेल आलं. घरात पाऊल टाकलं की एसटी स्टँडवर आल्यासारखा वास यायचा, पण फरशीत चेहरा दिसायचा बरं का!

चेहरा दिसायचा आणि सामान पळायचं. पाहुणा जोरात टेकला की सोफा त्याला घेऊन थेट भिंतीला लागायचा. नणंदेच्या सासरचं कुणी आलं की मी मुद्दाम म्हणायची, "पावणं, बसा की आरामात."

ही मजा संपली ती मामांच्या गुडघ्यांपायी. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बौद्ध वस्तीत आळीपाळीने घरोघरी ग्रंथवाचन असतं. पांढरे कपडे घालून सगळे खाली बसतात आणि वाचतात ते मामाच. उभा जन्म घाटात एसटी चालवलेला माणूस, आवाज अगदी मागच्या सीटपर्यंत जाणारा. गुडघे गेल्यापासून ते लाकडी खुर्चीत बसून वाचतात. गेल्या वर्षी आमच्याच घरी, शेवटच्या वंदनेला उठताना त्यांनी हातांवर जोर दिला, खुर्ची मागे सटकली आणि मामा धपकन खाली. हाड मोडलं नाही, पण चौघांनी काखेत हात घालून उचललं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी आत्यांनी डिझेलचा कॅन गुपचूप गोठ्यात नेऊन ठेवला आणि मोठमोठ्याने खुर्चीला शिव्या द्यायला लागल्या. मी मात्र तो कॅन जाताना बघितला होता.

यंदा वर्षावास जवळ आला तसे मामा म्हणाले, "औंदा वाचायला दुसरा मानूस बघा."

मामा वाचणार नाहीत ही कल्पनाच मला सहन होईना. मी डिवचलं, "मामा, घाटात कधी गाडी सोडून पळाला व्हता का तुमी?"

डिवचलेला ड्रायव्हर कामाला लागला. पहिला उपाय अर्थात घाटातलाच. चढाला गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा, तसे त्यांनी अंगणातले दोन दगड खुर्चीच्या मागच्या पायांना लावले. मी बसून बघितलं. खुर्ची, दगड आणि मी, तिघंही कर्रर करत मागे गेलो. टाइलवर दोन लांबलचक चरे उठले. मग आत्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला!

"पार वाट लावली माझ्या फरशीची! ती खुर्चीच टाकून द्या!"

मामा निमूटपणे घोडेगावला गेले आणि पंक्चरवाल्याकडून ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशन घेऊन आले. तुकडे खुर्चीच्या पायांना खालून चिकटवायचे, एवढंच काम. पण पंक्चर काढताना सोल्युशन ट्यूबलाही लावतात आणि ठिगळालाही, ही हाताची सवय. मामांनी रबराच्या दोन्ही बाजूंना ते फासलं आणि दाब बसावा म्हणून स्वतः खुर्चीत बसून निवांत मालिका बघितली.

संध्याकाळी आत्या झाडायला आल्या तर खुर्ची सरकेना. मी ओढली. नवऱ्याने ओढली. पाय कुरकुरले, पण जागा सोडेनात. खुर्ची हॉलच्या मधोमध, टीव्हीकडे तोंड करून कायमची उभी! मी हसून हसून खाली बसले.

मामा मात्र गंभीर. "सरकती का? नाय ना? मंग झालं."

यंदा पहिलीच पाळी आमची आली. त्या दिवशी घराने खुर्चीपुढे हात टेकले. टीव्ही आत गेला, त्याच्या जागी टेबल मांडून तसबिरी ठेवल्या, मेणबत्त्या लावल्या. लोक मामांच्या दोन्ही अंगांना बसले. मामांनी वाचलं. शेवटच्या वंदनेला सगळे उभे राहिले आणि सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे. दोघं तर हात पुढे करून तयारच होते. मामांनी जोर दिला. खुर्ची तसूभर हलली नाही. ते उठले, हात जोडले आणि वंदना त्यांनीच सुरू केली, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

मग अडचण ध्यानात आली. उद्याचं वाचन शेजारी, तिथेही असलीच गुळगुळीत फरशी, आणि खुर्ची तर इथे रोवलेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"समदे इथंच या," आत्या म्हणाल्या. "रोज. च्या मी करीन."

भर पावसाळ्यात, अख्ख्या वस्तीचे चिखलाचे पाय, आत्यांच्या टाइलवर!

लोक गेल्यावर मी कप गोळा करत होते. आत्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि सगळं अंग टाकून तिला ढकललं. परत एकदा ढकललं. मग पुढे येऊन तिच्यात बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मामा आतून आले. "ऊठ की, माझी जागा हाय ती."

"बसू द्या जरा," आत्या म्हणाल्या.