समुद्राकाठचं वेरूळ

“थांबा. ते कुठं जात नाय.”

उजवा तळहात छातीच्या उंचीवर धरून मामा एवढंच म्हणत आणि चाळीस माणसांचा घोळका जागच्या जागी थांबे. वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्याच्या दारात, कैलास दिसायच्या बरोबर दोन पावलं आधी. लोकांनी फोन बाहेर काढलेले असत, मुलं पुढे पळायला टपलेली असत, उन्हाने सगळे वैतागलेले असत. मामांना घाई नसे. सगळे दम खाईपर्यंत ते वाट बघायचे आणि मग मुकाट्याने बाजूला सरकायचे. पुढचं मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मामा तेवढ्यात चष्मा पुसून घ्यायचे.

तुम्ही कधी लेणी बघायला आला असाल तर असा एखादा गाईड तुम्हीही पाहिला असेल. पण मामांसारखा पाहिला असेल असं मला वाटत नाही. हा माझा पक्षपात आहे आणि तो मी सोडणार नाही.

तासाभराच्या अंतरावर शहरात, सिडको भागात, माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की गाडी माझी आणि गाईड मामा, असं वीस वर्षं चाललं. नात्याने ते माझे कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणत. मूळ वेरूळचेच, लेण्यांपासून चालत दहा मिनिटांवर घर. मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी आणि जपानीतली चार वाक्यं त्यांना येत. त्या चारांपैकी एकाचा अर्थ खुद्द मामांनाही ठाऊक नव्हता. पण ते वाक्य म्हटलं की जपानी बायका हसून कमरेत वाकत, म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं होतं.

आणि आवाज. दहा नंबरचं लेणं आत उंच कमानीचं आहे, छताला दगडी फासळ्या आहेत. तिथे मामा डोळे मिटून एक लांब सूर लावायचे. ते थांबले तरी सूर खांबांमधून फिरत राहायचा. लोक टाळ्या वाजवायला लागले की मामा चिडत. “टाळ्या नंतर वाजवा हो, आधी ऐका तर.”

असा हा दिवसभर बोलणारा माणूस घरी मात्र मुका होता. मी त्यांच्याकडे कितीदा जेवलोय. मामी वाढता वाढता तक्रार करायच्या, “बघा भाऊ, सगळं बोलणं त्या दगडांपाशी ठिवून येतेत. भाजीत मीठ बरंय का इचारलं तर नुसती मान. ती बी हो का नाय, कळत नाय.”

मामा मान हलवायचे. खरंच कळायचं नाही.

तुम्हाला वाटेल, थकून येत असतील. मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट मामांनीच एकदा गाडीत सांगितली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मामी डबा घेऊन लेण्यांवर आल्या. मामा सोळा नंबरमध्ये रंगात आले होते. घोळक्याच्या मागे, डोक्यावर पदर, हातात डबा घेतलेली बायको दिसली, आणि ज्या राजाने कैलास कोरायला घेतला त्याचं नावच मामा विसरले. घाम फुटला. लोकांना वाटलं ऊन लागलं.

“तिनं बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटती राव,” मामा म्हणाले. “परत येऊ नको म्हटलं तिला. ती बी आली नाय.”

म्हणजे बघा, जगभरचे लोक ज्याचं बोलणं ऐकायला थांबत, ते त्याच्या बायकोने कधी ऐकलं नव्हतं. लेण्यांच्या सावलीत जन्म काढलेली बाई. घृष्णेश्वराला दर सोमवारी जायची, पण लेण्यांच्या दारावरून परत फिरायची.

मग मामांचा आवाज बसला. धूळ असेल, वटवाघळांचा वास असेल, असं म्हणत त्यांनी चार महिने काढले. शेवटी जवळच कन्नड गावात दिलेली त्यांची मुलगी त्यांना ओढत शहरात घेऊन आली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गळ्यात गाठ आहे, वेळ घालवू नका, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचवायचा तर आवाज द्यावा लागेल.

तपासण्या उरकून ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मध्ये दोन आठवडे होते. मुलीचा मला फोन आला. “दादा, तुमच्या अंदमानच्या ग्रुपात दोन जागा आहेत का? आईबाबा कुठंच गेले नाहीत कधी. डॉक्टर जाऊ द्या म्हणतात, फक्त बोलणं कमी ठेवा म्हणाले.”

जागा नव्हत्या. मी केल्या.

मामा अंदमानला आले ते पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळी पँट, बूट आणि खिशात लेण्यातला टॉर्च, अशा थाटात. रिसॉर्टच्या पोरींनी शिंपल्यांच्या माळा गळ्यात घातल्या तेव्हा ते इतके लाजले की मामी हसून हसून खुर्चीवर बसल्या. समोर निळाहिरवा समुद्र पसरलेला. मी विचारलं, “कसा वाटला?” मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “चांगलाय. पण माणसानं ह्यात काय केलंय?”

पाचवा दिवस मोकळा होता. दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास, म्हणून मी त्या दिवशी काहीच ठेवत नाही. कुणी पोहतं, कुणी झोपतं, कुणी नारळपाणी पीत बसतं. मामांना मात्र मोकळा दिवस अंगावर आला. सकाळपासून वाळूत येरझाऱ्या. नाश्त्यानंतर त्यांनी दिल्लीच्या एका अनोळखी कुटुंबाला तळहात दाखवून थांबवलं आणि पाण्याचे तीन रंग एकदम कुठून दिसतात ते दाखवायला नेलं. मामी धावत गेल्या. “डॉक्टरांनी काय सांगितलंय? गप बसायला सांगितलंय ना?” मामा रुसून खोलीत जाऊन बसले.

दुपारी जेवणं झाली. किनाऱ्याला मोठाली झाडं होती, त्यांच्या सावलीत लांब आरामखुर्च्या टाकलेल्या. मामी एका खुर्चीवर पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या. मामा शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मी त्यांच्या मागे दोन झाडांना बांधलेल्या झोळीत पडलो होतो. ग्रुपमधलं कुणी बुडत नव्हतं, कुणाची चप्पल हरवली नव्हती, माझ्या धंद्यात याला स्वर्ग म्हणतात. डोळा लागणार एवढ्यात मामांचा आवाज आला. हळू, फाटलेला, पण गाईडचा.

“झोपलीस का?”

मामी हलल्या नाहीत.

“मग चल. एक नंबरपासून जाऊ. उन्हाचं लई चालायचं नाय आपल्याला.”

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, मामा बायकोला लेणी दाखवत होते.

त्यांना थांबवायला हवं होतं. मुलीने मला बजावून पाठवलं होतं. मी झोळीत अर्धा उठलोही. मग वाटलं, आठवड्याभराने हा आवाज तसाही कापून टाकणार आहेत. तो कुणासाठी जपून ठेवायचा? मी परत आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले. चूक केली की बरोबर, ते मला आजही सांगता येणार नाही.

वीस वर्षं ऐकलेलं ते सगळं मला पाठ होतं. पण मामा त्यातलं काहीच सांगत नव्हते. ना राजे, ना शतकं. “हितं पायरी उंच हाय, सांभाळ. बारा नंबरला तिसऱ्या मजल्यावर मी होतो तवा निरोप आला, पोरगी झाली म्हणून. दिल्लीचा साहेब होता संगं, त्याला मधी सोडता येईना. उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या मला.” मग म्हणाले, “तुला वाटलं असंल मला आनंद झाला नाय. घरी आलो अन् नुसता बसून राह्यलो.”

सोळा नंबरला ते म्हणाले, “तू डबा घेऊन हितं उभी होती. हिरवं लुगडं होतं. राजाचं नाव गेलं ते गेलंच, पण लुगडं अजून दिसतंय.”

असे ते चालत राहिले. मधे आवाज अडकायचा, नुसती हवा यायची, मग ते घोटभर पाणी पिऊन पुढे निघायचे. एकवीस नंबरला शंकर-पार्वती सारीपाट खेळतात, पार्वती रुसलेली आहे. तिथे मामा बराच वेळ रेंगाळले. “लोकास्नी मी सांगायचो, बघा, रुसल्याली बाई कशी बसती. मान कशी, हात कसा. लोक म्हणायचे काय अभ्यास हाय मामा तुमचा! अभ्यास कशाचा? घरी रोज बघत होतो.”

त्यानंतर ते बोलायचे थांबले. घसा पार संपला होता. थोड्या वेळाने मामी पदर बाजूला करून उठल्या, आळस दिला आणि म्हणाल्या, “चहा सांगा की हो.” मामांनी मान हलवली. मी चहा सांगून आलो. त्या माणसाने आयुष्यातलं सगळं सांगून टाकलं आणि ही बाई झोपून राहिली, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दोघांशी संध्याकाळपर्यंत नीट बोललो नाही.

ऑपरेशन झालं. मामा त्यानंतर सव्वा वर्ष जगले, एकही शब्द न बोलता. मी जायचो तेव्हा हात हातात घेऊन बसायचे. दर वेळी मनात यायचं, मामींना सांगावं. पण मामा समोर असताना ते सांगणं बरं नव्हतं. गाठ पुन्हा आली आणि गेल्या हिवाळ्यात मामा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी वेरूळला गेलो. मामी एकट्याच होत्या. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “मामी, एक सांगायचं राहिलंय. अंदमानला त्या दुपारी तुम्ही झोपला होता, तेव्हा मामा...”

“झोपले कुठं होते मी?”

“म्हणजे तुम्ही जाग्या होता?”

“डोळे उघडले असते तर गप झाले असते ना ते,” मामी म्हणाल्या. “तुम्ही मधी खोकलात. तवा लई राग आला मला तुमचा. म्हटलं झालं, आता थांबतात.”

मला खोकल्याचं आठवतही नव्हतं. “मग?”

“थांबलेच. मला वाटलं संपलं. तर उठले अन् म्हणाले, गार वारं सुटलंय, आन् आपला जाडजूड टावेल टाकला माझ्या पायावर. मग पुढचं लेणं.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. “गार कसलं भाऊ, आग होती नुसती. घामानं भिजून गेले, पण पाय हलवला नाय मी.”