उत्तरेश्वर वाघमारे आणि वाकडा खांब

उत्तरेश्वर वाघमारेंना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांना मैदानाबाहेर काढायला. खडकीतल्या आमच्या खो-खोच्या मैदानावर पार्किंग करायचा घाट तेव्हा जोरात होता. हातभर लेन्स लावून कुणी अनोळखी माणूस खांबामागे बसलेला दिसला की तो ‘त्यांच्याकडून’ पाहणीला आलाय, असं मी सरळ धरून चालायचे. मी जाऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला.

“ताई, दोन मिनिटं,” ते म्हणाले. “मुलगी खांबाला येतीय.”

ती आली. खांब एका हाताने धरून तिने आडवा सूर मारला, पुढची पोर बाद झाली. यांनी बटण एकदाच दाबलं आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला. मुलगी हवेत, बोटं समोरच्या पोरीच्या पाठीला टेकलेली, चेहरा लख्ख.

“आता काढा बाहेर.”

कसलं काढते! पुढे मैदान वाचवायच्या अर्जाला मी त्यांचेच चाळीस फोटो जोडले. साहेब लोक भाषणाला भीत नाहीत. पण इथे रोज दीडशे पोरी खेळतात याचा पुरावा समोर आला की जरा चुळबुळतात.

वाघमारे मूळचे औशाकडचे. दारूगोळा कारखान्यात सव्वीस वर्षं इन्स्पेक्टर. पोलिसातले नाहीत, तयार झालेला सुटा भाग मापात बसतो की नाही ते बघणारे. गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं; बसला तर पास, नाही तर नापास. हाच स्वभाव घरी, हाच मैदानावर. कॅमेरा बारा वर्षांचा. त्यातले फोकसचे बाकी सगळे ठिपके बंद करून ते फक्त मधला एक वापरायचे. तो ठिपका खेळाडूवर ठेवायचं काम यांच्या डोळ्याचं, पुढचं कॅमेऱ्याचं. खो-खोत पाठलाग करणारीला मध्येच मागे फिरता येत नाही, ते फक्त खांबाला वळसा घालून. म्हणून वाघमारे खांबापाशी दबा धरून बसत. खेळ ठाऊक असला की कॅमेऱ्याला कमी पळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र त्यांचे फोटो बिघडले. खेळाडू पुसट आणि मागची भिंत स्वच्छ. दहातले सात असेच. ते म्हणाले, लेन्समध्ये दोष आहे. कसबा पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने लेन्स तपासली आणि दोष नाही म्हणून परत दिली. वाघमारे गप्प बसले; मी बसले नाही. त्याच्या दुकानात जाऊन मी अर्धा तास भांडले.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “आपला आवाज उत्तम आहे. लेन्सही उत्तम आहे.”

आम्ही दुसऱ्याकडे गेलो. त्यानेही तेच सांगितलं, फक्त गोड शब्दांत.

मग केयूर आला. बाणेरचा, आयटीतला, तिशीचा, पक्ष्यांचे फोटो काढणारा, वाघमारेंच्या ओळखीतला. त्याच्याकडे नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. त्यात माणसाचा, पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून फोकस धरून ठेवायची सोय. तो म्हणाला, “काका, एकदा दोन्ही शेजारी लावून बघू. उगाच लेन्सला शिव्या कशाला?”

पहिला रविवार खडकवासल्याला. धरणाच्या पाण्यावर नदी सुरय मासे धरतात. हा पक्षी हवेत थबकतो आणि दगडासारखा खाली पडतो. केयूरच्या कॅमेऱ्याने पक्ष्याच्या डोळ्याला जी चौकट लावली ती तो पाण्यात शिरेपर्यंत सोडली नाही. वीस फोटोंत सतरा पास. वाघमारेंचा ठिपका पक्ष्यावरून घसरायचा आणि लेन्स पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन यायची. विसांत दोन.

“मान्य,” ते म्हणाले. “पाण्यावर तुझं यंत्र बरं.”

“बरं? काका, धुतलं तुम्हाला!”

“मोकळ्या आभाळात एकच जीव असतो रे. आमच्या खो-खोच्या पाटीवर ये.”

दुसरा रविवार मैदानावर. केयूर बाजूच्या रेषेवर उभा राहिला आणि त्याच्या शहाण्या कॅमेऱ्याची पंचाईत झाली. खो-खोत मधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या, एकआड एक उलट्या तोंडाने. म्हणजे चार चेहरे थेट कॅमेऱ्याकडे, एकदम स्थिर. पळणारी पाठमोरी, वाकलेली, त्यांच्यामधून नागमोडी जाणारी. कॅमेरा आपला बसलेल्या पोरींचे डोळे शोधून खूश.

“काय सुरेख आल्यात बसलेल्या!” वाघमारे म्हणाले. “लग्नाला पाठव हे फोटो.”

केयूर चिडला, पण पोरगा हुशार. त्याने चेहरा ओळखणं बंद केलं, चौकट लहान केली आणि दहातले पाच आणले. तेव्हा खरं सांगायचं तर जुनं चांगलं की नवीन, या वादाला अर्थ नाही. कॅमेऱ्याला डोळा दिसतो, पण कुणाचा डाव चाललाय ते दिसत नाही. ते त्याला माणसाने सांगावं लागतं. आणि त्यासाठी माणसाला दिसावं लागतं.

हे म्हणायचं कारण, त्या दिवशी वाघमारेंचे दहाच्या दहा नापास झाले.

ते केयूरला म्हणाले, “दे इकडे तुझा.” नवा कॅमेरा डोळ्याला लावून खांबाकडे बराच वेळ बघत राहिले. “याही लेन्समध्ये तोच दोष आहे. खांबाला मध्ये पोट आलंय.”

केयूरने बघितलं. “सरळ आहे की, काका.”

मी बघितलं. सरळ होता.

वाघमारेंनी दोन्ही कॅमेरे मांडीवर ठेवले. मग उघड्या डोळ्यांनी खांबाकडे बघितलं. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा.

“गेज बदललं, चूक तीच आली,” ते हळू आवाजात म्हणाले. “माणूस बदलला, चूक गेली.”

दोष डोळ्यात आहे एवढं मला कळेपर्यंत पुढचंही त्यांचं सांगून झालं होतं. दिवाळीपासून उजव्या डोळ्याने न्हाणीघरातल्या फरशांच्या रेघा वाकड्या दिसत होत्या. फोटोत खांब सरळ येतो, हेही त्यांना माहीत होतं.

“माहीत होतं?” मी ओरडले. “मग मला कशाला भांडायला लावलंत?”

“तुम्हाला कुणी लावावं लागतं?” ते म्हणाले. मग नजर खाली. “सव्वीस वर्षं दुसऱ्याचा तुकडा नापास करताना मागेपुढे पाहिलं नाही, ताई. स्वतःचा डोळा नापास कसा लिहू? डोळा गेला की तपासणीचं टेबल गेलं. पोरींची स्पर्धा संपू दे, मार्चनंतर दाखवतो.”

मी आयुष्यात पुष्कळ अधिकारी वठणीवर आणले, पण हा माणूस माझ्याने हलेना. मी त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, “त्यांना द्या.” वाघमारेंनी फोन कानाला लावला, एकदा “हो” म्हणाले, एकदा “बरं” म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले.

केयूरच्या गाडीतून गेलो. रविवारी चालू असलेलं डोळ्यांचं हॉस्पिटल शोधताना त्याचा फोन कामी आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध खालून पाणी साचलंय, म्हणाल्या, इंजेक्शनं याच आठवड्यात सुरू करायची. “मार्चपर्यंत थांबला असतात तर मधलं दिसणंच गेलं असतं.”

“खांब सरळ होईल?”

“ते सांगता येत नाही. आहे ते राखायचा प्रयत्न करू.”

त्यांनी बारीक चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी एकेका डोळ्याने बघायचं, रेघ वाकडी दिसली तर कळवायचं. कुणी असा कागद फ्रिजवर चिकटवतो आणि विसरतो. वाघमारेंनी त्याच्या साठ झेरॉक्स काढल्या. रोज एक, जिथे रेघ वाकते तिथे पेन्सिलीने तशीच वाकडी काढायची, खाली तारीख आणि सही. पहिला कागद घेऊन ते स्वतःच कारखान्यात साहेबांसमोर गेले. टेबल गेलंच. आता ते नव्या मुलांना गेज धरायला शिकवतात. याचं त्यांना वाईट वाटतं, आणि वाटत नाही असं ते कुणालाही सांगत नाहीत.

तिसऱ्या इंजेक्शननंतर ते मैदानावर भेटले. मी कागद मागितले आणि पहिला व शेवटचा शेजारी धरले. फुगवटा रुपयाएवढा होता, तो वाटाण्याएवढा झाला होता.

“म्हणजे सुधारलं की!” मी म्हणाले. “अजून ही एवढीशी वाकडी कशाला काढता? मनाला बरं वाटेल असं काढा जरा.”

“दिसते तेवढी काढतो,” ते म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले, घडी घालून खिशात ठेवले आणि कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. नाक कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या काचेवर चेपलं गेलं. पाटीवरच्या पोरी हसल्या.

“हसा,” ते म्हणाले, “पण खांबाला या.”