गठ्ठा शेजारी नेला तेव्हा

माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती जीन्सच्या पितळी बटणाची. कोणी विचारलं की मी सांगते, नळावर पडले. नळावर पडून भुवई अशी फाटत नाही, हे आमच्या बुवापाड्यातल्या प्रत्येक बाईला कळतं, आणि कळतं म्हणूनच कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. मारलं माझ्या मुलीने. एकोणीस वर्षांची घोडी, माझ्यापेक्षा वीतभर उंच, बारावीला चांगले मार्क घेतलेली.

आमच्याकडे भांडण हळूहळू चढत नाही. पोळी करपली, मैत्रिणीने मेसेज बघून उत्तर दिलं नाही, मी ‘हं’ जरा कोरडं म्हटलं, की झालं सुरू. मिक्सरचं भांडं भिंतीवर. स्वतःचं डोकं आरशावर. सकाळी गळ्यात पडून आई तूच माझं सगळं म्हणणारी पोरगी दुपारी माझे केस धरून म्हणायची की मला जन्माला घालून तू कसला सूड उगवलास. मीही काही देवी नाही. लाटणं हाताला लागलं तर लाटणं, चप्पल लागली तर चप्पल. तिचे वडील मध्ये पडून दोघींचा मार खायचे. नंतर नंतर तर कंपनीतून आल्यावर आतला आवाज ऐकून बाहेर ओट्यावरच बसून राहायचे. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

पण मारामारीला मी घाबरत नव्हते. घाबरायचे ते सगळं शांत झाल्यावर. तेव्हा ती मोरीत जाऊन कडी लावायची आणि स्वतःला इजा करून घ्यायची. मी दारावर धडका मारत बसायचे. शेवटी बदलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ती नाटक करत नाही, म्हणाल्या. आपलं माणूस सोडून जाईल ही भीती तिला भाजल्यासारखी लागते. उपचाराला वेळ लागेल, आणि तोवर घरातलं धारदार सगळं हलवा.

आता घ्या. माझं कामच धागा कटिंगचं. उल्हासनगरहून टेम्पो शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे टाकून जातो, आणि आम्ही बायका चिमट्याएवढ्या कटरने शिलाईचे लोंबते धागे कापतो. गल्लीतल्या अर्ध्या घरांत हेच. विळी, सुऱ्या मी कपाटात कोंडल्या, पण कटरचं काय करणार? मग मी शहाणपणा केला. गठ्ठा आणि कटर उचलून शेजारच्या काकूंकडे बसायला लागले. मध्ये एक भिंत. मुलगी सुरक्षित, काम चालू. काय खूश होते मी स्वतःवर.

एका दुपारी ती काकूंच्या दारात उभी. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. काकू ये बाळा म्हणेपर्यंत तिने गठ्ठ्यातली पँट उचलून गरकन फिरवली. बटण भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त उतरलं, काही दिसेना. मी आंधळेपणाने हात फिरवला तो तिच्या कानशिलावर बसला. काकूंच्या कपबश्या, देवासमोरची समई, सगळं जमिनीवर. तिने एकेक पँट ओढून दारासमोरच्या गटारात भिरकावली. मी तिचा गळा धरला. खरंच धरला. त्या क्षणी मला ती नकोशी झाली होती, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं.

ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "रोज मला एकटीला टाकून इथे येतेस आणि हसतेस. मला ऐकू येतं."

मी तिचा गळा सोडला. हसायचोच आम्ही. धागे कापताना बायका हसतात, नाहीतर पाठ कशी टिकायची? आणि पलीकडे ही भिंतीला कान लावून बसलेली. कटर का हलवला हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. बोलले तर तिच्या डोक्यात नको ते येईल, असं मला वाटायचं. तिला एवढंच दिसलं की आई रोज सामान उचलते आणि दुसऱ्याच्या घरी जाते.

भुवईला टाके पडले. डॉक्टरीणबाईंसमोर मी तिला सगळं सांगितलं, अगदी मोरीच्या दाराशी काय काय वाटायचं तेसुद्धा. तेव्हापासून गठ्ठा आमच्या घरात असतो. कटर काकूंच्या भिंतीवर खिळ्याला, पोरीचा दिवस बरा असेल तरच आणायचा.

परवा मी उंबऱ्याशी धागे कापत होते. तिचं फोनवर कोणाशी तरी बिनसलं. फोन भिंतीवर आदळला, स्टूल उडालं. माझा एक हात आपोआप भुवईवर गेला, दुसऱ्या हाताच्या मुठीत कटर. मी पळायच्या तयारीत उठले. ती भिंतीला पाठ दाबून उभी होती.

"आई, कटर काकूंकडे ठेवून ये," ती म्हणाली. "पण तू परत ये."

मी गेले, कटर खिळ्याला अडकवला. काकूंनी काहीतरी विचारलं, ते मी ऐकलंही नाही. परत आले तेव्हा ती दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. मी आत येताच तिने माझ्या खांद्यावर बुक्की मारली, चांगलीच लागली, आणि मग तिथेच डोकं टेकलं.