रिंगणातले खूर

शेवगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण मीटर लावला की कळतो. ज्याला मीटर लागत नाही, ते मी कधी मानलंच नाही... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांची टर उडवणारा मीच. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या कडेला. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, सगळं आयुष्य शेरडं आणि शिकार यात गेलं. तरुणपणी ससे, तितर. पुढे कायद्याने शिकार सुटली, पण माग काढायचा नाद सुटला नाही. जनावराचा माग सापडला की ते काठीने त्याभोवती रिंगण ओढायचे, कुणाचा पाय पडून पुसू नये म्हणून. गावात ही सवय फक्त त्यांचीच.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खाटेवर पडून दारातली शेरडं बघायची, एवढाच विरंगुळा. त्यातली काबरी शेळी त्यांची फार लाडकी. ती गाभण असताना डोंगरात चुकली आणि आण्णांनी अन्न सोडलं. मी गावी धावलो, तर आई रडत होती.

"आरं, आज पान्याचा घोट बी घेतला न्हाई. काबरीला हुडकून आन, न्हाईतर त्यांचं काय खरं न्हाई."

सकाळी आठला डोंगरावर गेलो. मला खुरांतलं काय कळतंय? तासभर नुसताच उन्हात भटकलो. मग ओढ्याच्या वाळूत शेळीच्या खुराचा ठसा दिसला—भोवती रिंगण! पुढे दुसरा... तिसरा. रिंगणं ताजी होती, पण वेडीवाकडी, डाव्या हाताने ओढल्यासारखी. आणि वाळूत माणसाचं पाऊल एकही नाही. तरी रिंगणांमागे चालत राहिलो, ते थेट एका कपारीपर्यंत. आत काबरी उभी, आणि पायाशी दोन ओली करडं.

करडं पोत्यात घालून, काबरीला घेऊन घरी आलो. मी तोंड उघडायच्या आधीच खाटेवरून आवाज आला. जड, अडखळत, पण आण्णांचाच.

"येक पाट... येक बोकड."

करडं नर की मादी, हे मी स्वतः अजून पाहिलं नव्हतं. पोतं उघडलं. एक मादी, एक नर.

आई शपथेवर सांगते, सकाळपासून ते खाटेवरून हलले नव्हते. त्या दुपारी त्यांनी दूध-भाकरी खाल्ली. आता काठी टेकत ओढ्यापर्यंत जातात. त्या दिवसाचं विचारलं की नुसते हसतात.

परवा मीच म्हणालो, "आण्णा, मला माग काढायला शिकवा."

"लई उशीर केलास," ते म्हणाले. "चल, चपला घाल."