साहेबाच्या बाजूची सीट

तुमच्या अंकात या पानावर लोक जे लिहितात ते मी दर वेळी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. कोणाला विहिरीवर बाई दिसते, कोणाच्या मागून कुत्रं येतं आणि मधेच गायब होतं... मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण डोकं कोणाकडे गहाण टाकलेलं नाही. भूत, लागीर, उतारा, नारळ फिरवणं, यातलं काही मी माझ्या घरात चालू दिलं नाही. सून एकदा दारात लिंबू-मिरची बांधायला निघाली तर मी ती मिरची भाकरीबरोबर खाल्ली.

मग आता हे कशाला लिहितो? कारण जीपचा ड्रायव्हर यशवंता गेल्या पावसाळ्यात वारला. आता हे डोळ्यांनी बघितलेला मी एकटाच उरलो. उद्या मी गेलो की कोणीतरी यात आपलं मीठमसाला घालेल. ते मला चालणार नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आमची वस्ती तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावर. पाम गावातून मोठ्या रस्त्याला लागायचं, पुढे बोईसर स्टेशन, त्याच्यापुढे पालघर. बाप शिडं शिवायचा, त्याच्यामागे मी. वाऱ्यानं फाटेल पण शिवणीत उसवणार नाही असं शीड पाहिजे तर पालघरच्या माहीमपर्यंतचे लोक माझ्याकडे येत. हे मी फुशारकीनं लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. धाकटा भाऊ काशिनाथ, आम्ही काशा म्हणायचो, तो बोटीवर. घरात आय, मी आणि तो. त्याचं लग्न ठरत आलेलं.

मग त्या बाजूला मोठं बांधकाम निघालं. ट्रक आले, परप्रांतातले कामगार आले, जीपगाड्या आल्या. तेव्हाचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. जीपच्या सीटा म्हणजे पत्र्यावर दोन बोटं गादी. महिन्याभरात फाटायच्या. कोणीतरी सांगितलं, अमुक वस्तीत दाभणानं जाड कापड शिवणारा आहे. बोटींना इंजिनं बसायला लागली होती, शिडांचं काम कमी झालेलं. मी सीटा शिवायला लागलो.

एका ठेकेदाराचा मोठा साहेब होता. नाव लिहीत नाही. त्याची पोरंबाळं असतील, त्यांनी काय केलंय माझं. त्याची जीप यशवंता चालवायचा. यशवंता मासवणचा, साधा माणूस. सीट फाटली की तोच घेऊन यायचा, तोच घेऊन जायचा. साहेबानं माझं तोंड कधी बघितलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर काशाच्या मांडीत पाकटाचा काटा घुसला. पाकट म्हणजे चपटा मासा, शेपटीला करवतीसारखा काटा. जाळ्यातून काढताना त्यानं फटका मारला. भर दुपारी आम्ही चौघांनी त्याला उचलून पामच्या रस्त्यावर आणला. मांडीला लुगडं गुंडाळलेलं, ते रक्तानं भिजून खाली गळत होतं. तेवढ्यात ही जीप आली. तोंड पालघरकडे, साहेब पुढे, आणि मागे जागाच जागा. यशवंतानं गाडी थांबवली.

मी हात जोडले. आयुष्यात दोनदाच जोडले, एकदा देवाला आणि एकदा त्याला. साहेब खाली उतरला नाही. काशाकडे बघितलं, त्याच्या अंगावरून गळणाऱ्या रक्त-पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सीट खराब होईल. बैलगाडी बघा."

यशवंता म्हणाला, साहेब, आपण तिकडेच चाललोय. तर त्यालाच शिवी दिली. जीप गेली. ती सीट महिन्याभरापूर्वी मीच शिवली होती.

बैलगाडीत बोईसर यायच्या आत काशा गेला. माझा हात धरून गेला.

आयनं रडून घेतलं, आणि तेराव्याला मला समोर बसवून बोलली, "मोरू, मला त्याचं वाईट नको, चांगलं नको. तो माझ्या दारात यावा आनी तेव्हा जे बोल्ला ते माझ्या तोंडावर बोलावं. तू आणशील त्याला?"

मी हो म्हणालो. पण कसा आणणार? त्याच्या दारावर पहारेकरी. दोनदा गेलो, दोनदा हाकललं. कोयता घेऊन जावं असं मनात आलं नाही असं नाही. रोज यायचं. पण आयला त्याचा मुडदा नको होता, त्याचं तोंड पाहिजे होतं.

होळी झाली आणि एके सकाळी साहेबच माझ्या अंगणात. यशवंता मागे, खाली मान घालून. साहेबानं मला ओळखलं नाही. त्या दिवशी त्यानं सीटशिवाय काही बघितलंच नव्हतं. म्हणाला, कंबर गेली माझी, डॉक्टर म्हणतो जीप सोडा. मला पुढच्या दोन सीटा बदलून पाहिजेत. चांगल्या, आरामाच्या. तुला यातलं कळतं असं ऐकतो.

मी म्हटलं, कळतं.

आणि मी ते काम मन लावून केलं, हे लक्षात ठेवा. मुंबईला जुन्या मोटारी तोडतात तिथे यशवंताला घेऊन गेलो आणि तीन जोड आणले. साहेबाला पहिला पसंत पडला. विलायती मोठ्या मोटारीचा, लोण्यासारखा मऊ. मी म्हटलं, साहेब, मऊ म्हणजे आराम नाही. बसून बघा पामपर्यंत. पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंगनं उडवून डोकं वरच्या दांडीवर आपटलं. दुसरा जोड उंच होता, गुडघे पुढच्या पत्र्याला लागायचे. तिसरा एका छोट्या मोटारीचा. बसायला कडक वाटतो, पण मांडीखाली चढ आहे, पाठ कंबरेत धरतो, माणूस घसरत नाही, उडत नाही. तोच घेतला. आतला काथ्या काढून नवा पिंजून भरला.

वरून काय लावायचं? साहेब म्हणाला रेग्झीन. मी म्हटलं, वैशाखात रेग्झीनवर बसाल तर उठताना कातडं तिथंच राहील. कापड लावू. माझ्याकडे एक कापड आहे, वारा झेललेलं, कधी फाटणार नाही.

यशवंताच्या सीटला नवं कॅनव्हास लावलं. साहेबाच्या सीटला काशाचं शीड.

आमच्या वस्तीत गेलेल्या माणसाचं शीड वर्ष होईपर्यंत घडी करून ठेवतात. वाऱ्यावर लावत नाहीत, त्याला कात्री लावत नाहीत, पाय तर नाहीच. मला हे सगळं माहीत होतं आणि मी कात्री लावली. माझा हिशेब सरळ होता. त्यानं माझ्या भावाला बसू दिलं नाही ना? मग मी त्याला तिथेच बसवतो. रोज. साहेबाच्या खाली.

यात मंत्रबिंत्र काही नाही. रागानं केलं.

आयला शीड ठेवायची फळी रिकामी दिसली. मला वाटलं आता ही तोंडात मारेल. तिनं विचारलं, "कुठल्या अंगाला बसवलास?" मी सांगितलं, साहेबाच्या. ती पुन्हा सुपातली सुकट निवडायला लागली.

पहिले दोन दिवस साहेब खूष. यशवंतानं निरोप आणला, कंबर दुखायची थांबली, साहेब तुझं नाव घेतो. माझं डोकं आणखी फिरलं. त्याला आराम मिळावा म्हणून मी भावाचं शीड कापलं होतं का?

तिसऱ्या दिवशी यशवंता आला तो घाबरलेला. म्हणाला, "मोरूदादा, साहेबाची चड्डी भिजते."

मला हसू आलं. मी म्हटलं, वय झालं असेल.

"मस्करी नाय. खारं पानी हाय. सुकलं का मीठ दिसतं."

साहेबानं आधी यशवंतावर आळ घेतला, तू पाणी सांडतोस. मग सीट काढून दिवसभर उन्हात ठेवली. कडकडीत सुकली. तो बसला, एक बिडी संपेपर्यंत ठीक, मग ओली. यशवंता त्याच सीटवर बसला तर कोरडी. दुसऱ्या दोघांना बसवलं, कोरडी. शेवटी साहेब गाडी घेऊन माझ्या अंगणात आला. मी सगळ्यांसमोर शिवण उसवली. काथ्या कोरडा, नुसती धूळ. पुन्हा शिवून मी स्वतः बसलो. कोरडी. मग साहेबाला म्हटलं, बसा. बसला. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं... त्याच्या मांडीखालून कापड काळं पडत गेलं आणि कडेनं थेंब गळायला लागले. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. समुद्र. थोडं तांबूसही होतं. शिडाला आम्ही झाडाच्या सालीचा रंग देतो, तो उतरला, असं लोक म्हणाले. मी म्हटलं, असेल. वैशाखाचं ऊन, गाडी दुपारपासून उभी, आणि हे.

खरी गंमत पुढे आहे. साहेबानं चिडून शीड फाडून काढलं आणि रस्त्यावर फेकलं. यशवंतानं ते उचलून आयला आणून दिलं. साहेबानं मुंबईहून रेग्झीन लावून आणलं. तरी ओली. मग अख्खी सीटच बदलली, तो मऊ लोण्याचा जोड बसवला. तरी ओली. आता बोला. शीड आमच्या घरी फळीवर, सीट दुसरी, काथ्या दुसरा, आणि पाणी तेच. मी माझ्या शिवणीची बढाई मारतो, पण यात माझा हात कुठे आहे?

मग तो मागे बसायला लागला. मागे कोरडं. पण यशवंतानं सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा नव्हता, की साहेब मागे बसला की पुढची सीट दबते. रिकामी सीट, खड्डा आला की स्प्रिंगा वाजतात. कोणीतरी अंग सावरून बसल्यासारखं. साहेब मागून ते बघत बसायचा. जेवण तुटलं त्याचं.

शेवटी यशवंतानंच त्याला सांगितलं की शिवणारा कोण, शीड कोणाचं. साहेबाला तो दिवस आठवायला वेळ लागला म्हणे. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही रोज तो दिवस जगत होतो आणि त्याला आठवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. चपला बाहेर काढल्या. मी मधे उभा. मला त्याचा गळा दिसत होता. आयनं मला बाजूला व्हायला सांगितलं.

त्यानं सुरुवात केली की आई, मला काय माहीत तो जाईल, मला वाटलं साधी जखम...

"ते नको," आय बोलली. "तेव्हा काय बोल्लास?"

त्यानं मान वळवून बाहेर बघितलं. यशवंता बाहेर गाडीपाशी. सगळी वस्ती कुडाला लागून. आय वाट बघत राहिली, तिला घाई नव्हती. शेवटी तो म्हणाला, "म्हणालो, सीट खराब होईल."

"आनी?"

"बैलगाडी बघा."

आयनं मान हलवली. ऐकलं तिनं. मग ती उठून दारात आली आणि त्याला नाही, यशवंताला म्हणाली, "यशवंता, माझ्या पोराला पालघरला घेऊन जा. दवाखान्यापर्यंत. हळू ने, खड्ड्यात आपटू नको." मग साहेबाकडे वळून, "तू चालत जा."

 चपला हातात घेऊन तो बोईसरच्या रस्त्याला लागला. मी मागे मागे पाचेक शेतांपर्यंत गेलो, फक्त तो चालतोय हे बघायला. बघितलं. बरं वाटलं. लपवत नाही.

यशवंतानं रिकामी जीप पालघरला नेली. तो सांगायचा, सारा रस्ता सीट दबलेली होती. बोईसर ओलांडलं तेव्हा त्याला रडू आलं. दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली, खाली उतरून दुसऱ्या बाजूचं कापडी दार उघडून धरलं, आणि स्प्रिंगा वर आल्या. हळूहळू, एक एक. त्यानंतर ती सीट कधी भिजली नाही. साहेब मात्र महिनाभरात बदली मागून निघून गेला. गेला तेव्हाही मागेच बसून गेला, असं ऐकलं.

लोक विचारतील, कसं झालं हे? मला ठाऊक नाही. मी शिवणारा माणूस, कापडाला पाणी कुठून येतं ते मला कळायला पाहिजे, आणि कळलेलं नाही. पंचावन्न-साठ वर्षं विचार करतोय. भूत मी आजही मानत नाही.

आयला मी नंतर एकदा म्हणालो होतो, फार लवकर सोडलंस त्याला. अजून एक उन्हाळा भिजू द्यायचा होता. ती म्हणाली, "काशाला किती दिवस बसवून ठेवणार व्हतास?"

 पण माझं म्हणणं आजही तेच आहे.