वळसंगपर्यंत पोचलेला टॉवेल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण सांगताना मी छाती फुगवूनच सांगणार आहे. सोलापुरात टॉवेलच्या मागावर किती कापड विणलं, हे मोजणारा डबा आमची कंपनी बनवते. त्यातला सी भाषेतला प्रोग्रॅम माझा.

माझा सहकारी सलीम याने मोजणीची लायब्ररी, म्हणजे मोजणी करणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, नव्याने लिहिली होती. ती माझ्या प्रोग्रॅमला जोडायची, एवढंच काम. पण माझा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणाला, हेडर सापडत नाही. हेडर म्हणजे लायब्ररी काय देते, कोणत्या क्रमाने देते, ते सांगणारी फाइल. आता सलीमला विचारायचं? मी? शोधलं, तर त्याच नावाची फाइल एका जुन्या फोल्डरात मिळाली. उचलली आणि चिकटवली.

मग प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांची गाठ मारणारा लिंकर अडून बसला. फंक्शनची नावं दिसतात, पण फंक्शनं कुठायत? लायब्ररीचा पत्ता दिला, तरी ऐकेना. शेवटी कळलं, कमांडमध्ये लायब्ररीचं नाव माझ्या फाइलच्या नंतर लागतं. तेवढं केलं आणि काय सांगू, एकही एरर नाही!

"हेडर नवंच घेतलं ना, ताई?" सलीमने विचारलं.

"हेडर ते हेडर. त्यात नवं-जुनं काय असतंय?"

आमचे गिऱ्हाईक नरसय्याअण्णा. त्यांच्या कारखान्यात डबा बसवला, माग सुरू झाला. चहा संपेपर्यंत मीटरचा आकडा असा पळाला, की टॉवेल सोलापूरपासून पार वळसंग गावापर्यंत अंथरता आला असता.

अण्णा बघतच राहिले. "माझा माग लई जोरात हाय की."

सलीम खोकला. मी लॅपटॉप उघडला. जुन्या हेडरमध्ये आधी मीटर, मग आडव्या धाग्यांची संख्या. नव्या लायब्ररीत नेमकं उलटं. म्हणजे मी धागे मोजून मीटर म्हणून दाखवत होते, आणि कंपायलर, लिंकर दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

पण तिथंच, मागाच्या खडखडाटात, जुनं हेडर उडवलं, नव्याचा फोल्डर कंपायलरला दाखवला, सगळं पुन्हा बिल्ड केलं. आकडा चोख आला.

"मानलं, ताई," सलीम म्हणाला. मी मान ताठ करून अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला.

"कमी झालं की हे."

"अण्णा, आता बरोबर आहे."

"असंल. पण मघाचंच ठेवा. बघून बरं वाटत होतं."

इतक्या वर्षांत माझं काम बघून 'असंच ठेवा' म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. आणि त्यांना आवडली काय, तर माझी चूक.